शंभरातले एकेचाळीस

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी तीन वर्षं होतो आणि एकूण चौदा मिनिटं खेळलो. तरी महाडात मी जुना खेळाडू म्हणून ओळखला जातो, कारण बाकावरची मिनिटं कुणी मोजलेली नाहीत. म्हणूनच मुलीच्या शाळेचा संघ मोडला तेव्हा क्रीडाशिक्षकांनी मुलींना शिकवायला मला गाठलं. सहा जणी दहावी होऊन पुण्या-मुंबईला गेल्या होत्या. उरल्या चार. माझी मुलगी दहावीत, आणि तिच्या संघाने तीन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. तिला एक हवा होता. एकच.

पाचवी मिळाली ती पोलादपूरच्या डोंगरातली, कबड्डीवाली. हिसकावण्यात पटाईत. पण चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडली की गर्रकन वळून परत आपल्या अर्ध्यात यायची. बास्केटबॉलमध्ये हे चालत नाही. मी चुका एका वहीत लिहायचो; पहिल्या आठवड्यात तिथे हिची तेवीस वेळा नोंद झाली.

"अगं, परत का येतेस?"

"काका, चढाई करून घरी नाय यायचं? तिथंच ऱ्हायचं?"

तोडगा मुलीने काढला. "तू चढाईवरच आहेस असं समज. चेंडू हिसकावलास की गडी शिवला. आता समोरची टोपली म्हणजे घर. पळ घरी!"

जमलं. नेमाचं मात्र कठीण होतं. पहिल्या मोजणीत शंभरात अकरा. रोज संध्याकाळी शंभर चेंडू, दीड महिना. सामन्याच्या आदल्या दिवशी शंभरात एकेचाळीस. मी घरी जरा छाती काढूनच फिरलो. बायको म्हणाली, "म्हणजे एकोणसाठ चुकले ना?"

सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे कबड्डीवालीला सांगितलं होतं. तरी तिने चेंडू घेतला की दर वेळी मुलगी ओरडायची, "घर बदललंय गो!"

शेवटचे सहा सेकंद. आम्ही सतरा, समोरचे सोळा. कबड्डीवालीने चेंडू हिसकावला. मुलगी ओरडली, पण गलक्यात ऐकू कुणाला जाणार? आणि ही निघाली मध्यंतराआधीच्या घराकडे, म्हणजे आता आमच्याच टोपलीकडे. तिथे चेंडू पडला की दोन गुण समोरच्यांना. बदली खेळाडू नव्हता, आणि असता तरी वेळ नव्हता.

मी नशीब मानत नाही, आकडे मानतो. पण त्या क्षणी हिशेब डोक्यात आला आणि घाम फुटला: हरण्याची शक्यता मी स्वतःच्या हाताने, दीड महिना खपून, अकरावरून एकेचाळीसवर नेली होती.

चेंडू कड्यावर आदळला, एक फेरी मारली आणि बाहेर पडला. मुलीने तो पोटाशी धरला आणि शिट्टी होईपर्यंत सोडला नाही. नंतरही सोडत नव्हती.

कबड्डीवाली मान खाली घालून आली. "काका, नेम चुकला. वहीत नका लिहू."

खोटं मी लिहीत नाही. लिहिलं: प्रयत्न एक, चूक एक. आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच चुकीपुढे बरोबरची खूण केली.