गोदावरीअक्कांची उजवी किडनी

२००८ साली कमरीपेठेत कुजबुज होती की भांडीवाल्या भीमसेनअण्णांनी बायकोची किडनी मोडीत घातली. अण्णा जुनं पितळ वजनावर घेऊन नवं स्टील देत, म्हणून ही भाषा. ती माझी, शेजारच्या दुकानदाराची, नव्हे. मी फक्त चार दुकानांत पोचवली.

गोदावरीअक्का त्यांची बायको. बासष्ट वर्षांच्या, ठणठणीत. घागर कुठं चेपली आहे हे गिऱ्हाइकाच्या आधी त्यांना दिसे, आणि नवऱ्याची चूक तर ती घडण्याआधी.

त्या वर्षी देशपांडे नगरातल्या एका स्कॅन सेंटरात डॉक्टर दीपश्री वयाबरोबर मूत्रपिंडं कशी बदलतात याचा अभ्यास करत होत्या. विशीपासून सत्तरीपर्यंतची धडधाकट माणसं हवी होती. चित्र ठळक यावं म्हणून एमआरआयच्या वेळी कधी कधी शिरेत औषध टोचतात. थकलेल्या मूत्रपिंडांच्या माणसाला ते बाधू शकतं, म्हणून त्याच्याशिवाय किती दिसतं तेच बाईंना बघायचं होतं. सुई नाही म्हटल्यावर अक्का तयार. अंगावरचे दागिने उतरवून आत गेल्या, सांगितलं तेव्हा श्वास धरला, सांगितलं तेव्हा सोडला.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा हिनं कुणाचं ऐकलं," अण्णा बाहेर मला म्हणाले.

दीपश्रीबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "अक्का, तुमची किडनी कधी काढली होती?"

"माझी? नाही बाई."

"उजवी दिसत नाही. एकच आहे."

अक्कांचा हात आपोआप कमरेवर गेला. "त्र्याण्णव साली गर्भाशय काढलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या आणि अण्णांकडे वळल्या. "कागदावर सही यांनी केली."

"केली. इंग्रजीत होतं. वाचतंय कोण?"

"सगळी चित्रं नीट बघते. जुने कागद शोधा, चार दिवसांनी या," बाई म्हणाल्या.

त्र्याण्णवच्याच दिवाळीला अण्णांच्या दुकानात स्टीलचा माल छतापर्यंत लागला होता. हे अक्कांना आठवलं. मलाही आठवलं, आणि मी ते चारचौघांत बोललो. संध्याकाळच्या बसनं अक्का कलघटगीला, भावाकडे निघून गेल्या.

अण्णा जुना दवाखाना शोधत गेले. तिथं आता चपलांचं दुकान. परत येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले.

"अण्णा, भाव काय मिळाला?" मी आपली नेहमीची चेष्टा केली.

ते चिडले नाहीत. "नंगेन गोत्त," कानडीत म्हणाले. "मला तरी काय ठाऊक? तिला आत नेलं, दार लावलं. त्यांनी आत काय काढलं ते मी पाहिलं का? मग नाही म्हणू कशाच्या जोरावर?"

पावशेर पितळेसाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस, आणि स्वतःच्या बाजूनं त्याला एक वाक्य सापडेना.

चौथ्या दिवशी अक्का कलघटगीहून परस्पर सेंटरात आल्या. अण्णांना मी नेलं होतं. नवराबायको बाकाच्या दोन टोकांना बसली. दीपश्रीबाईंनी चित्र उजेडावर लावलं.

"मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. पुढं किडनी काढली तरी टोपीचा आकार राहतो. अक्कांची बघा, पट्टीसारखी सपाट आहे. तिच्याखाली किडनी कधी नव्हतीच. हजारात एखादा असा जन्मतो. डावीनं दोघींचं काम केलं, म्हणून ती मोठी झालीय. अभ्यासात मात्र तुम्हाला घेता येणार नाही, अक्का. दोन असलेली माणसं हवीत."

अक्का चित्राकडून अण्णांकडे वळल्या. म्हणाल्या, "'मी विकली नाही' एवढं तरी म्हणायचं होतं."

"कागद वाचला नव्हता ना."

"आणि मी गेले तर जाऊ दिलंत."

अक्का उठल्या. "रिक्षा बोलवा. दुकान चार दिवस कुणी झाडलं नसेल."

१९९३ साली गोदावरीअक्कांचं फक्त गर्भाशय काढलं गेलं. उजवं मूत्रपिंड त्यांना जन्मापासून नव्हतं. भीमसेनअण्णांनी काहीही विकलं नव्हतं.