केणीकाकूंच्या गॅलरीतलं एक वाक्य

"थांब, थांब, थांब." शिवलकरशेठनी हात वर केला. "माका गोष्ट नको. लाइन व्हयी."

मी उभी होते. नॅरेशन उभ्यानेच करायची माझी सवय. नॅरेशन म्हणजे सिनेमाची अख्खी गोष्ट निर्मात्यापुढे अभिनयासकट सांगायची. कुणी रडलं की आपण रडायचं, सनई वाजली की तोंडाने सनई वाजवायची. अंधेरीतल्या शेठच्या ऑफिसात मी जोरात सनई वाजवत होते, आमचा हिरो राजन मोटरसायकलवरून लग्नाच्या हॉलकडे निघाला होता, आणि शेठनी दोघांनाही तिथेच अडवलं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मराठी सिनेमांच्या पटकथा लिहायचे. शेजारी बसला होता वसंता, आमचा दिग्दर्शक. म्हणजे होऊ घातलेला. कॉलेज सोडल्यापासून तो दुसऱ्यांच्या सिनेमात असिस्टंट होता. शॉटपुढे क्लॅपची पाटी धरता धरता केस विरळ झाले, पण पडद्यावर 'दिग्दर्शक' या शब्दाखाली त्याचं नाव अजून यायचं होतं. हा सिनेमा त्याचा पहिला ठरणार होता. ठरला तर.

"उद्या दुपारी कोल्हापूरचे तात्या गोरेगावला येतायत, स्टुडिओत," शेठ म्हणाले. "दुसऱ्याच्या शूटिंगला. जेवतील आणि निघतील. त्यांना मी तुझी तीन तासांची सनई ऐकवू? एका वाक्यात सांग. तात्यांनी मान हलवली तर वसंताचं पिक्चर. नाही तर डबल रोलची कॉमेडी तयार आहे. डायरेक्टरपण ठरलाय तिचा."

तात्या वितरक होते. वितरक म्हणजे आपल्या भागातल्या थेटरांत सिनेमा लावायचे हक्क आधीच विकत घेणारा माणूस. तो हो म्हणाला की निर्मात्याच्या जिवात जीव येतो. तो नाही म्हणाला की पटकथेचं बाड माळ्यावर जातं.

"आणि वसंताचं काय?" मी विचारलं.

"त्याला कॉमेडीला चीफ असिस्टंट घेऊ ना!" शेठ अगदी उदार मनाने म्हणाले.

वसंता हसला. त्याचं ते हसणं मला अजिबात बघवलं नाही.

आज या प्रकाराला लॉगलाइन म्हणतात आणि ती शिकवायचे क्लास निघालेत. आम्ही 'वन-लाइन' म्हणायचो आणि ती कुणी शिकवत नसे. कुणाची गोष्ट, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय आणि घाई कशाची, एवढं सगळं एका दमात सांगायचं. ऐकायला सोपं आहे. करायला बसा म्हणजे कळेल.

आम्ही स्टेशनसमोरच्या उडप्याकडे बसलो. गोष्ट अशी होती: एका मुलीचं लग्न ठरतं. नवरदेव देखणा, पण लबाड. त्याचं आधीच एक लग्न झालंय. मुलीवर प्रेम करणारा राजन मुहूर्ताच्या आत हॉलवर पोचतो आणि त्याचं बिंग फोडतो. मध्ये गाणी, मारामारी, मोटरसायकल. राजनचं काम शेठचा भाचा पप्पू करणार होता. ही शेठची एकच अट होती.

"लिही," वसंता म्हणाला. "प्रेमात हरलेला एक तरुण नियतीशी झुंज देतो."

"नियतीशी कोण झुंजत नाही? आपला वेटरसुद्धा झुंजतोय."

"बरं. एक तरुण आपल्या प्रेयसीचं लग्न मोडायला निघतो आणि..."

"आणि काय?"

"आणि मोडतो."

चहावर चहा झाले. प्रत्येक वाक्य राजनपासून सुरू व्हायचं आणि शिळ्या भाकरीसारखं घशात अडकायचं. शेवटी वसंता मुलुंडच्या बसला गेला आणि मी बोरिवलीला घरी आले. येताना मनात एकच होतं, पोरगा परत क्लॅप धरणार आणि तो माझ्यामुळे.

आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, वरच्या मजल्यावर केणीकाकूंकडे. सगळ्यांची बाळंतपणं, बदल्या, मयती त्यांच्याच हॉलमधून जाहीर व्हायच्या. आपण फोनवर असलो की काकू शेजारी मेथी निवडत बसत. आपलं बोलणं ऐकत नाही असं दाखवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. उलट आवाज बारीक केला की म्हणायच्या, "जरा मोठ्याने बोल गं, लाइन खराब आहे."

संध्याकाळी मी वसंताला फोन लावला.

"ऐक. राजनला लग्नाच्या सकाळी कळतं की नवरदेव लबाड आहे..."

"पण त्याला कळतं कसं? तात्या विचारणार ना!"

"अरे, ती जेवण करणारी बाई सांगते ना त्याला! आपला तो छोटा सीन नाही का? गेल्या सीझनला याच नवरदेवाच्या लग्नाचं जेवण तिनेच केलेलं असतं. ती त्याला ओळखते."

"ती लाइनमध्ये कशाला? दोन सीनची बाई यार ती. लाइन हिरोची हवी."

मोटरसायकलपासून मुहूर्ताला उरलेल्या तासापर्यंत सगळ्यावर वाद घालून मी फोन ठेवला. काकूंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "कसलं झालं, काकू!" आणि खाली आले. डोकं दुखत होतं म्हणून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. समोरच्या बिल्डिंगमधल्या सामंतवहिनींशी त्यांचं रोजचं बोलणं सुरू झालं होतं.

"अगं ऐकलंस का? एक बाई लग्नाचं जेवण करायला हॉलवर जाते. बघते तर काय, नवरदेव तोच! गेल्या सीझनला या मेल्याच्या लग्नाचं जेवण हिनेच केलेलं! आणि मुहूर्ताला उरलाय तास!"

"अगं बाई! मग?"

"मग काय माहीत! खालच्या सुधाने फोनच ठेवला!"

"कुठला हॉल गं? आमच्या शिंद्यांच्या मंगलचं लग्न आहे ना परवा..."

मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. आमची सगळी गोष्ट काकूंनी ऐकली होती. राजन, मोटरसायकल, प्रेम, सगळं. आणि पुढे सांगताना त्यांनी त्यातलं काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. खड्यासारखा हिरो बाजूला काढून टाकला होता, मेथीच्या काडीइतकं दुःख न करता. उरलं होतं ते लख्ख होतं. आणि सामंतवहिनी समोरून "मग?" म्हणाल्या होत्या! आमची वाक्यं ऐकून आम्ही दोघंसुद्धा एकदाही "मग?" म्हणालो नव्हतो.

मी एका दमात जिना चढले.

"काकू, अजून एक फोन!"

काकूंनी मेथी परत पुढ्यात ओढली.

"वसंता, सापडली! झकास सापडली! गोष्ट त्या बाईची आहे!"

मी वाक्य सांगितलं.

"आणि राजन?" त्याने हळूच विचारलं.

"राजन गेला."

"गेला म्हणजे? मेला?"

"नाहीच आहे तो."

"सुधा, अगं राजन म्हणजे पप्पू! शेठचा भाचा! उद्या शेठच्या तोंडावर सांगायचं की तुमच्या भाच्याला काढला? वाट लागेल!"

"वाट अशीही लागलीच आहे रे. निदान चांगल्या लाइनवर लागू दे."

मग वसंता खो खो हसायला लागला. सकाळचं ते हसणं नव्हे, हे खरं हसणं होतं. "सांग," तो म्हणाला. "पण तूच सांग हं. मी तर पळूनच जाईन."

दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या स्टुडिओत कॅन्टीनमागच्या झाडाखाली तात्या जेवून बसले होते. चुना लावलेलं पान हातात तयार. शेठ बाजूला, आणि भारीतला शर्ट घालून पप्पूही हजर. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीवर बसून सांगितलं, सनईबिनई न वाजवता.

"लग्नाचं जेवण करायला आलेली बाई नवरदेवाला ओळखते, कारण गेल्या सीझनला त्याच्याच लग्नाचं जेवण तिने केलं होतं. आणि मुहूर्ताला उरलाय एक तास."

तात्यांचा पानाचा हात तोंडाजवळ थांबला.

"मग?"

मी गप्प बसले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या क्षणी आतून कळलं की आता आपण बोलायचं नाही.

"सैपाकाच्या बाईचं कोण ऐकतंय?" तात्या स्वतःशीच म्हणाले. "पोरीचा बाप तर हाकलूनच देणार तिला. आणि भटारखाना सोडून गेली तर पंगतीचं काय? आयला! मग करती काय ती?"

"तेच पिक्चर आहे तात्या," वसंता म्हणाला. पळून गेला नव्हता तो.

"घेतलं!" तात्यांनी पान तोंडात टाकलं.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण शेठ माझ्याकडे बघत होते.

"ह्यात आमचो पप्पू खंय?"

पप्पूसाठी मी रात्रभर जागा शोधली होती, सापडली नव्हती. वसंता बुटांकडे बघायला लागला. तात्यांनी मात्र मान वळवून पप्पूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो का पप्पू? मुखडा बघा की ह्येचा. गरीब गाय! ह्येनं लग्नावर लग्न केलंय असं कुणाला वाटंल का? ह्योच तुमचा नवरदेव!"

शेठ विचारात पडले. पप्पूने मला विचारलं, "फाइट आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "बाईच्या हातचा झारा खायचा आहे."

एवढ्यावर सगळं ठरलं. त्या एका वाक्यापायी आधीची अख्खी पटकथा रद्दीत गेली आणि मी नव्याने लिहायला बसले, पण इतक्या आनंदाने मी पुन्हा कधी लिहिलं नाही. प्रत्येक सीनला ते वाक्य समोर धरायचं. सीन त्यात बसला तर राहिला, नाही तर गेला. पप्पूचं म्हणाल तर नवरदेव म्हणून त्याला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की पुढची कित्येक वर्षं त्याला कामाची ददात पडली नाही.

सिनेमा बोरिवलीत लागला तेव्हा मी केणीकाकूंना घेऊन गेले. वसंता आमच्या मागच्याच रांगेत बसला होता. पडद्यावर त्याचं नाव आलं आणि मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. माझेही डोळे भरले होते.

मध्यंतरात काकूंनी बटाटेवडा तोडत मला कोपराने ढोसलं.

"पिक्चर छान आहे हं सुधा. पण राग मानू नकोस. ही गोष्ट मी आधी कुठेतरी ऐकलेय. तू उचललीस ना कुठून तरी?"

"हो काकू," मी म्हटलं. "तुमच्याच गॅलरीतून."

त्यांना ते काही पटलं नाही. त्यानंतर मी कुठलीही लाइन निर्मात्याला सांगण्याआधी काकूंच्या फोनवरून कुणाला तरी सांगायचे आणि खाली येऊन गॅलरीत उभी राहायचे. वरून काही ऐकू आलं नाही, तर ते वाक्य फाडून टाकायचे.