टिचकी

प्रदर्शनात माझ्या मातीच्या कपांसमोर एक गृहस्थ थांबले आणि माठ घेताना वाजवून बघतात तशी प्रत्येक कपाला टिचकी मारून, कान लावून ऐकू लागले.

"आवाज जरा बद्द येतोय."

आणि ज्या हातांनी ते कप घडवले, भाजले, त्या हातांची मी मालकीण चटकन म्हणाले, "हो, जरा बद्दच आहे."

ही माझी जुनी खोड. हा वाकडा झालाय, त्याचा रंग फाकलाय, हे गिऱ्हाईकाआधी मीच सांगून मोकळी होते. आपणच आधी म्हटलं की लागत नाही, असं वाटतं. लागतं, चांगलंच लागतं. भाजीवाली कधी सांगते का, वांगं किडकं आहे म्हणून?

गृहस्थांनी सगळ्यांत देखणा निळा कप उचलला. "हा काही खपायचा नाही. निम्म्यात द्या, मी नेतो."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या हातातून कप घेतला, थर्मासमधला चहा त्यात ओतला आणि त्यांच्याकडे बघत सावकाश घोट घेतला.

"आता उष्टा झाला, काका. विकता येणार नाही."

ते पुटपुटत निघाले. त्यांचा माठ उन्हाळाभर गळो! घरी मी आजवर टवके उडालेलेच कप वापरले. चांगले विकायला ठेवायचे. आज पहिल्यांदा चांगल्या कपातून चहा प्यायले. मग रिकाम्या कपाला टिचकी मारली. खणखणीत वाजला.

गृहस्थ दोनच स्टॉल पुढे गेले होते. मी पुन्हा मारली, जरा जोरात.