मास्तरांचा उलटा ठेका

"सुलट्यावर पाय पडतो. मानूस नाचतो तो उलट्यावर!"

आमचे मास्तर हे वाक्य बोलून थांबत नसत. लगेच डावी चप्पल जमिनीवर आपटायचे आणि दोन आपटण्यांच्या मधे जी रिकामी जागा राहते, तिथे टाळी द्यायचे. चप्पल, टाळी, चप्पल, टाळी. बसस्टॉपवर, कारखान्याच्या गेटवर, एकदा तर बँकेच्या रांगेत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या शेजारी दोन मिनिटं उभं राहिलं की आपलाही खांदा उडायला लागतो आणि मग आपणच इकडेतिकडे बघतो, कोणी पाहिलं तर नाही ना.

मी परभणीहून नवाच रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. गावी मामाच्या गाण्याच्या पार्टीत ढोलकी वाजवायचो. एके दुपारी कॅन्टीनच्या टेबलावर बोटं चालली होती, तर मागून आवाज आला, "कुठला रे तू?"

"परभणीचा."

"हात बरा हाय. पन मारतोस चुकीच्या जागी."

"मग बरोबर जागा कुठली?"

"जिथं मारशील असा कोनाला वाटत नाय, तिथं."

हे मास्तर. कारखान्यात फिटर आणि दिवाळे गावात ब्रास बँडचे मालक, ट्रम्पेटवाले आणि सर्वेसर्वा. त्या रविवारी मी त्यांच्या अंगणात गळ्यात साइड ड्रम अडकवून उभा होतो. एका बाजूला वाळत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला मासळी साफ करत बसलेल्या वैनी, म्हणजे मास्तरांची बायको. मी चुकलो की त्या कोयत्याचा आवाज थांबवून माझ्याकडे बघायच्या. मास्तरांच्या रागापेक्षा मला त्या बघण्याची धास्ती.

तेव्हा बँड म्हणजे मास्तरांचं घरच होतं. चुलतभाऊ दुसऱ्या ट्रम्पेटवर, सासरे क्लॅरिनेटवर, मेहुणा मोठ्या ढोलावर. बाहेरचा मी एकटा. पण घरचीच माणसं आधी गळायला लागली.

चुलतभावाला आखातातली नोकरी लागली. ऐन हळदीत तो ट्रम्पेट खाली करून म्हणाला, "दादा, व्हिसा आला."

"मंग? हलद संपव, मंग जा," मास्तर म्हणाले. तो हळद संपवून गेला. जाताना रडला. मास्तर म्हणाले, "रडू नको, ओठ सुजतात," आणि मग स्वतःच रडले.

सासऱ्यांचे पुढचे दात पडले. नवी कवळी बसवून ते ऐटीत एका लग्नाला आले. गाणं रंगात आलं, सासऱ्यांनी डोळे मिटून लांब तान घेतली आणि दम घ्यायला क्लॅरिनेट तोंडातून काढली, तर तिच्याबरोबर कवळीही बाहेर! वऱ्हाडी लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवून "वन्स मोअर" केलं. म्हातारा इतका खूश झाला, की त्याच दिवशी निवृत्ती जाहीर केली. म्हणाला, "आता याच्यावर काय करनार?"

दुसऱ्या ट्रम्पेटसाठी मी रबाळ्यात राहायचो त्या वस्तीतला एक टायपिस्ट नेला. मूळचा खेडचा. शाळेत बिगुल वाजवलेला. त्याला एकच सूर धड येत होता. मी ओशाळलो. मास्तरांनी मात्र त्याला मिठीच मारली. "उलट्यावर मारायला कितीक सूर लागतात? एकच मार, पन चाबकासारका मार!" आणि खरंच, त्या एका सुराने आमचा बँड असा उसळायला लागला, की नवरदेवाचा घोडासुद्धा तिरका चालायचा.

मग ती बोनकोडे गावातली वरात. आम्ही पोचलो, ढोल पोचला, ढोलवाला मेहुणा पोचलाच नाही. एका बँजो पार्टीने त्याला चकचकीत कोट शिवून देऊन पळवला होता. मंडपापुढे माणसं खोळंबली. इतकी वर्षं जपलेलं नाव आता सगळ्या पाहुण्यांसमोर जाणार, हे मास्तरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांची टाळीसुद्धा बंद.

नवरी वैनींची भाची, म्हणून वैनी तिथे पाहुण्या होत्या. नवी हिरवी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. त्या उठल्या, पदर खोचला आणि ढोलाचा पट्टा गळ्यात घातला.

"तुला येतो?" मास्तरांनी विचारलं.

"इतकी वर्सं अंगनात काय नुसती मासली साफ केली?"

नवऱ्याचा मामा पुढे धावला. "बाईमानूस ढोल वाजवनार? ह्या लगीन हाय का तमाशा?"

मास्तरांनी ट्रम्पेट काखेत घेतला. शांतपणे म्हणाले, "ती वाजवल तर बँड वाजल. नाय तर नवऱ्याला गपचूप चालत न्या."

मामा काही बोलणार, तेवढ्यात घोड्यावरून नवराच ओरडला, "वाजू द्या ना मामा! मना नाचायचाय!"

वैनींनी टिपरी उचलली. पहिला ठोका बसला आणि माझा खांदा आपोआप उडाला. मेहुणा जोर लावायचा, वैनी उलटी जागा धरत होत्या. नवरा घोड्यावरून उतरला. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सगळ्यात पुढे, टोपी हवेत उडवत, तोच मामा नाचत होता.

त्यानंतर "बाईचा बँड" हवा म्हणून लोक तारखा बदलायला लागले. मेहुणा कोट घालून परत आला. वैनींनी त्याला झांजा दिल्या.

आमच्या वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला बँड न्यावा असं मला फार वाटायचं, पण विचारायला जीभ उचलत नव्हती. शेवटी टायपिस्टानेच विचारलं. दिवाळे गावात दोघातिघांनी नाक मुरडलं. मास्तर त्यांना म्हणाले, "साइड ड्रम त्यांच्या वस्तीतला, दुसरा ट्रम्पेट त्यांच्या वस्तीतला. मंग बँड कोनाचा, सांगा!" त्या दिवशी ते निळा शर्ट घालून आले आणि मिरवणुकीत, परभणीहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईला नाचायला लावलं. आई त्याआधी कधी नाचली नव्हती. नंतर मात्र तिला थांबवणं अवघड झालं.

मग एके सकाळी मास्तरांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. डॉक्टरांनी बरंच सरळ केलं, पण ओठात पकड राहिली नाही. अंगणात त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावला, तर नुसती हवा. मास्तर स्वतःच हसले. "टायर पंक्चर!" आणि ट्रम्पेट टायपिस्टाच्या हातात देऊन म्हणाले, "आता तरी दुसरा सूर शिक."

पुढची दोन वर्षं ते टाळीसाठी हात रिकामे ठेवून बँडच्या पुढे चालले. पावसाळ्यात, बँड बंद असताना, त्यांचं काळीज थांबलं.

हंगामातलं पहिलं लग्न गावातलंच होतं. आम्ही रांग धरली. पुढची जागा कोणी घेतली नव्हती, कोणाला ती घ्यायची नव्हती. करवली कुंकवाचं ताट घेऊन एकेकाला लावत आली. वैनींपाशी येऊन तिचा हात अडला. पोर बिचारी रडवेली झाली.

वैनींनी ढोल तिच्याकडे वळवला. "मना नको, बाय. ढोलाला लाव. त्यो अजून सवाशीन हाय."

कोणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले, डोळे पुसत हसले. करवलीने मूठभर कुंकू ढोलाच्या कातड्यावर थापलं आणि वैनींनी टिपरी मारली.

मंडपाशी पोचून बघतो, तर वैनींचा दंड लाल, पदर लाल, माझा अर्धा शर्ट लाल.