काकांची काळी वेबसाइट

"इतक्यात जायचं वय नव्हतं हो त्यांचं. परवाच तर मला रांगोळीचे साचे काढून दिले."

नौपाड्यात काकांच्या दुकानासमोर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या दोन बायकांचं हे बोलणं कानावर आलं आणि आमचे वसंतकाका वारल्याचं मला कळलं. काका त्या वेळी दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवर हळदीकुंकवाचे करंडे लावत होते.

मी पायरीवरच थांबले. या बायकांना काहीतरी सांगायला हवं होतं. पण माझं असं आहे, की रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायचं असलं तरी मी आधी मनात वाक्य जुळवते. ते जुळेपर्यंत रिक्षा दोन गल्ल्या पुढे गेलेली असते आणि मी तेवढं अंतर मुकाट्याने चालत मागे येते. इथेही मी "तुमचा काहीतरी गैरसमज" इथपर्यंत मनात पोचले होते, तोच त्यातल्या एकीने मला ओळखलं. पुतणी ना तू, म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "धीर धर, बाळा."

मी म्हटलं, "थँक यू."

(बारा वर्षं इंग्रजी शाळेत घातल्याचा परिणाम. कोणी काहीही दिलं, की तोंडातून पहिलं तेच निघतं.)

डोळे पुसत त्या निघून गेल्या. आता तर घरच्या माणसानेच दुजोरा दिला होता!

मी आत गेले. काका स्टुलावरून उतरले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, की आज फोनला काहीतरी झालंय. सकाळपासून लोक फोन करतात, "काकांचं कळलं, कधी झालं?" असं हळू आवाजात विचारतात, आणि "मीच बोलतोय" म्हटलं की ठेवून देतात. एका बाईंनी तर किंचाळून ठेवला.

काकांचं दुकान वाणांचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं, आलेल्या प्रत्येकीला काहीतरी छोटी वस्तू वाण म्हणून द्यायची असते, आणि ठाण्यातल्या निम्म्या बायकांना पूर्वी ती काका पुरवायचे. गाळण्या, करंडे, डब्या, पिशव्या. अलीकडे मात्र घोडबंदर रोडच्या टॉवरमधून वाहतूक कोंडीत अडकत नौपाड्यापर्यंत कोण येतंय? वाण आता घरबसल्या फोनवर मागवतात. गेल्या वर्षीचा अर्धा माल काकांच्या माळ्यावर पडून होता. ही संक्रांत शेवटची, हा माल नाही हलला तर दुकान बंद, असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. सांगताना ते हसले होते. म्हणून जास्त वाईट वाटलं.

आता, मी नोकरी करते ती घोडबंदर रोडवरच्या एका मार्केटिंग कंपनीत, वेबसाइट बनवण्याची. काकूने त्या रात्रीच्या जेवणात माझ्याकडे फक्त एकदा बघितलं, आणि मी मान हलवली.

वेबसाइट खरंच सुंदर झाली. संक्रांतीचा रंग काळा. या एकाच सणाला आपण हौसेने काळी साडी नेसतो, म्हणून मी सगळी पार्श्वभूमी मखमली काळी घेतली. डाव्या बाजूला काकांचा हात जोडलेला फोटो. (फोटोत हसायचं नसतं, हा काकांचा नियम आहे.) भोवती झेंडूची किनार. उजवीकडे पतंग, तिळगुळाची वाटी, वाणांचे फोटो आणि मागणी नोंदवायचं भलंमोठं बटण. हे सगळं मी लॅपटॉपवर केलं आणि घरच्यांना टीव्हीवर दाखवलं. आमच्या ऑफिसची पद्धतच तशी आहे. मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर वेबसाइट लावायची, क्लायंटने "वा" म्हणायचं. "मोबाईलचं नंतर बघू," हे आमच्या सरांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक ती वेबसाइट रिक्षात बसून, एका हातात भाजीची पिशवी धरून अंगठ्याने बघणार असतं, हे मला दर मीटिंगमध्ये दिसायचं. दर मीटिंगमध्ये मी वाक्य जुळवायला घ्यायचे. मीटिंग संपायची.

टीव्हीवर काकू "वा" म्हणाली. मी गुरुवारी लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी न उघडता अंगठे दिले. शुक्रवारी एकही मागणी आली नाही, आणि शनिवारी ही दुकानातली गंमत.

तेवढ्यात काकूचा डोंबिवलीच्या घरून मला फोन आला. आमच्या सोसायटीतल्या साने काकू आणि आणखी दोघी घरी येऊन बसल्यात, पण कोणी काही बोलतच नाही, असं ती कुजबुजत सांगत होती. दार उघडल्यावर तिचं ठसठशीत कुंकू बघून साने काकूंना ठसकाच लागला. सणाचे दिवस म्हणून काकूने तिघींना हळदीकुंकू लावलं, तर एकीला रडू फुटलं. चहाला नको म्हणाल्या, तिळगुळाला नको म्हणाल्या, आणि उठताना "येते" म्हणावं की नुसतंच उठावं हे न कळून तिघी परत बसल्या.

"अगं सई, त्या फोनमध्ये तुझ्या काकांचा फोटो बघतायत आणि हात जोडतायत. तू काय केलंयस नक्की?"

मी पहिल्यांदाच स्वतःच्या फोनवर ती वेबसाइट उघडली.

पतंग नाहीत. तिळगूळ नाही. बटण नाही. उजवी बाजू फोनच्या चिंचोळ्या पडद्यात मावलीच नव्हती, बाहेर कुठेतरी निघून गेली होती. राहिला होता काळाभोर पडदा, त्यावर झेंडूच्या फुलांच्या चौकटीत हात जोडलेले, न हसणारे काका. खाली नाव. 'कैलासवासी' तेवढं नव्हतं, पण ते घाईत राहिलं असेल असं समजून घेण्याइतके आपले लोक मोठ्या मनाचे आहेत. बोटाने बाजूला सरकवलं असतं तर वाण दिसले असते. पण असा फोटो समोर आल्यावर सरकवून पुढे कोण बघतं? तिथे थांबायचं असतं.

मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता रागावतील.

"फोटो चांगला आलाय," काका म्हणाले. मग बोट पडद्यावर टेकवून त्यांनी विचारलं, "पण माल कुठाय?"

तिथेच खोक्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. काळं काढलं, झेंडू काढला, काकांना अगदी तळाशी, छोट्या गोलात नेऊन ठेवलं. वाण एकाखाली एक लावले, बटण बरोबर अंगठ्याखाली आणलं. या वेळी प्रत्येक बदल आधी फोनवर बघितला. काम चालू असताना फोन वाजतच होता. मी टाकलेली लिंक घरच्या ग्रुपवरून काकूच्या भिशीत गेली होती, भिशीतून योगावर्गात, तिथून कल्याणच्या कुठल्या तरी महिला मंडळात. फक्त दोन दिवसांत! आमचे क्लायंट एवढ्या प्रसारासाठी महिनोन् महिने पैसे ओततात. मी तो फुकटात केला होता. नुसत्या अंगठ्यांनी बायकांनी सगळ्या शहराला सुतक लावलं होतं, आणि मी तोंडाचा आ वासून त्या ताकदीकडे बघत होते.

संध्याकाळी भिशीतल्या आठ-दहा जणी फिक्या साड्या नेसून, खाली मान घालून दुकानात आल्या. मान वर केली तर समोर स्टुलावर काका.

मी लॅपटॉपमागे जमेल तेवढी लहान झाले.

"या, या," काका म्हणाले. "मी गेलोय म्हणे. पण दुकान उघडं आहे. काय दाखवू?"

पहिल्यांदा एकीच्या तोंडून बारीकसं हसू सुटलं, मग सगळ्याच फळीवरच्या करंड्यांसारख्या किणकिणायला लागल्या. आणि माणूस जिवंत सापडल्यावर रिकाम्या हाताने परतायचं कसं? खरेदी सुरू झाली. पण खरी कमाल मी पुढे बघितली. समोर माल मांडलेला, काका वस्तू हातात देतायत, आणि या बायका बघतायत फोनमध्ये! वाण कधी एकटीने ठरत नाही. जावेला विचारायचं, नणंदेला दाखवायचं, शेजारणीने गेल्या वर्षी हेच दिलं नव्हतं ना ते तपासायचं. दहा अंगठे पडद्यावर सरसर फिरत होते, फोटो पुढे जात होते, होकार परत येत होते. दुकानात दहा बायका होत्या आणि गिऱ्हाईक निदान शंभर. मी मोठ्या टीव्हीवर असं काही कधीच घडताना पाहिलं नव्हतं.

रथसप्तमीच्या आधीच माळा रिकामा झाला. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी फोटो काढशील तेव्हा मी थोडा हसेन." म्हणजे पुढचं वर्ष होतं!

पण त्या शनिवारनंतरच्या सोमवारची मीटिंग सांगायची राहिली. एका लग्नाच्या हॉलची वेबसाइट होती. टीव्हीवर झुंबरं झळकत होती. सर म्हणाले, मोबाईलचं नंतर बघू, आणि सवयीने विचारलं, कोणाला काही बोलायचंय?

मी उभी राहिले. वाक्य नीट जुळवलेलं होतं, त्यात गिऱ्हाईक होतं, रिक्षा होती, जावा-नणंदा होत्या. तोंडून आलं ते एवढंच:

"सर, आधी मोबाईल. मी लॅपटॉपचं आधी केलेलं, त्यात माझे काका गेले."

सर खुर्चीतून अर्धवट उठले, टीव्ही बंद केला, आणि हॉलचं काम मोबाईलपासूनच सुरू होईल असं हळू आवाजात जाहीर केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सॉरी, सई. आज तू यायला नको होतंस."

मी घाईघाईने मनात खुलासा जुळवायला घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "थँक यू."