केळीच्या रांगेतली थाप

“कुठी गेली व माय, आवाज दे!” माझी बहीण बांधावरून अशी ओरडत होती की जामनेरच्या बाजारातले बैलसुद्धा दचकले असतील. शर्टावर केळीच्या चिकाचा डाग दिसला की मला ती दुपार आठवते. भाची तेव्हा आठ वर्षांची, पायांना भिंगरी. तिला एडीएचडी आहे, म्हणजे चित्त एका ठिकाणी ठरत नाही, रागावू नका, आधी अंगाला काम द्या आणि मग अभ्यास घ्या, असं जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. म्हणून बहिणीनं युक्ती काढली होती: केळीच्या एका रांगेतल्या प्रत्येक खोडावर थाप मारत जायचं, परत यायचं आणि एक गणित सोडवायचं. युक्ती छान लागू पडली होती, पण त्या दिवशी पोरगी परतलीच नाही. मी बागेत शिरलो. आत भरदुपारी विहिरीच्या तळासारखा अंधार, वारा बंद, पान हलेना. एवढ्यात थप्प, थप्प ऐकू आलं. मला हायसं वाटलं, तोच शेजारच्या रांगेतूनही थप्प, थप्प आलं, अगदी तिच्या पाठोपाठ. भाची समोरून हसत आली आणि दुसरा आवाज थांबला. तिला उचलून मी असा पळालो की माझी सावली मागे राहिली. आज ती दहावीला आहे, आणि मी अजून त्या बागेत एकटा जात नाही. बांधावर पोचल्यावर मी धापा टाकत विचारलं होतं, “तिकडे कोण होतं गं?” ती केव्हाच गणिताला बसली होती. वहीतून डोकं न काढता म्हणाली, “नाव नाही इचारलं, मामा. तिले बी एका जागी बसवत नाही.”