एकशे चाळीस नंबरची ओळ

आमच्या घोडेगावच्या कापडवाल्या शेठइतका सबुरीचा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर तो शेठचं गिऱ्हाईक असेल. पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थांनी कुरिअरनं एक किट मागवलं. टीव्हीला लावायचा जुन्या काळचा छोटा कॉम्प्युटर, सुटे भाग आपणच डाग देऊन जोडायचे. झालं, तागे मागं सरकले आणि गादीवर सोल्डरिंग गन आली. "शेठ, परकराचं कापड दावा की," एखादी म्हातारी म्हणायची. "थांब मावशे, ह्याला चाळीस पाय हायेत, चारच राह्यलेत." म्हातारी शेठच्या हातातल्या काळ्या चिपकडे गोमेकडे बघावं तशी बघायची आणि मुकाट बसून राहायची.

त्यात शेठ पक्के जैन. दिव्यावर किडे येतात, एखादा तापल्या गनवर पडला तर पाप नको, म्हणून दिवेलागणीला काम बंद. चातुर्मासात तर किट डब्यातच. शिनोलीहून बाजाराला गेलो की मी दुकानात डोकावायचो. एकदा वैतागून म्हणालो, "अशानं हे जोडून कधी व्हायचं?"

"पस्तीस वर्सं थांबलंय राव, चार महिन्यांनी काय व्हतंय?"

तेव्हा कुठं मला कारण कळलं. शेठची थोरली बहीण, जिजी, लग्नाआधी मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथं अगदी असंच मशीन होतं. एक दिवस तिला बघायला पाहुणे आले आणि दहावीतल्या शेठला एसटीनं तिला आणायला धाडलं. जिजी वहीत प्रोग्रॅम लिहिता लिहिता उठली, ती पुन्हा क्लासला गेलीच नाही. सोलापूरला सासरी गेली. तिची वही शेठकडे राहिली. तीत दहापासून एकशे तीसपर्यंत दहादहानं नंबर घातलेल्या तेरा ओळी, आणि खाली नुसताच १४०.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मशीन एकदाचं चालू झालं. शेठनी तेरा ओळी टाइप केल्या, तर पडद्याच्या कडेनं चांदण्यांची चौकट उमटली. मधली जागा रिकामी. तिथं काय यायचं ते फक्त जिजीला ठाऊक. पण हे मशीन बंद केलं की लिहिलेलं सगळं विसरतं, म्हणून शेठनी ते बंदच केलं नाही. वीज गेली की इन्व्हर्टर त्या एकट्याला. शेठाणी पदरानं वारा घेत म्हणायच्या, "मानसं उकडली तरी चालतील, मशीन निजाया नगं!"

मी म्हणालो, "शेठ, तेराच तर ओळी. जिजी आल्या की पुन्हा टाइप करा."

"जिजीला मी मधनंच उठवलं," शेठ म्हणाले. "ह्याला न्हाई उठवायचं."

या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली, पण त्या दिवशी इन्व्हर्टरचं पाणी मीच तपासलं.

गुडघेदुखीमुळे प्रवास टाळत आलेली जिजी भाऊबीजेला आली. चष्मा लावून टीव्हीसमोर बसली. वहीतल्या १४० वर तिनं बोट ठेवलं. शेठ मागं हात बांधून उभे.

"जिजी, हितं काय येनार व्हतं?"

तिनं पडद्यावरच्या चौकटीवरून चारी बाजूंनी बोट फिरवलं. "आठवत न्हाई रे," ती म्हणाली. मग वही मिटत, "लई छान व्हतं कायतरी, येवढंच आठवतंय."

जिजी सोलापूरला परत गेली. आता मशीन सुटलं, असं आम्ही सगळेच समजलो. यंदा उन्हाळ्यात दुकानात गेलो, तर वीज गेलेली, पंखा बंद, शेठाणी पदरानं वारा घेताहेत आणि पडद्यावर चौकट तशीच.

मी काही विचारायच्या आतच शेठ म्हणाले, "आठवलं तर फोन करते म्हनलीय."